नाही म्हणायचं असेल, तर लेखी म्हणा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य बँका,
राज्यस्तरीय बँकर्स समिती, महाराष्ट्र

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून बिडाची कास्टिंग येतात, आम्ही त्यांचं टर्निंग, मिलिंग, बोअरिंग करतो आणि ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना पाठवतो. दोन पाळ्या मिळून अठरा माणसं कामाला आहेत. वडिलांनी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर सुरू केलेलं काम आज मी चालवतो. पत्र तुम्हाला लिहितोय, पण जाहीर लिहितोय. कारण ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे ती बँकेच्या केबिनमध्ये घडते आणि तिची नोंद कुठेही होत नाही.

मागच्या वर्षी एका जुन्या ग्राहकाने विचारलं, नुसतं जॉबवर्क किती दिवस करणार? कास्टिंगसकट तयार पार्ट द्या. आमच्या धंद्यात असं विचारणारा ग्राहक वारंवार भेटत नाही. जॉबवर्कमध्ये कास्टिंग ग्राहकाचं असतं, आम्हाला मिळते ती मशीनिंगची मजुरी. तिचा दर तो ठरवतो, आणि शेजारच्या गाळ्यातल्या कुणी नगामागे आठ आणे कमी सांगितले की काम तिकडे जातं. पूर्ण पार्ट द्यायचा तर कास्टिंग आपण विकत घ्यायचं, तपासायचं, मशीनिंग करायचं आणि स्वतःच्या जबाबदारीवर माल पाठवायचा. त्यात चार पैसे सुटतात आणि ग्राहक टिकतो. पण पैसा अडकतो. फाउंड्रीवाल्याला महिन्याच्या आत रक्कम लागते, कारण पिग आयर्न आणि स्क्रॅप त्याला जवळपास रोखीने घ्यावं लागतं आणि भट्टीचं वीजबिल कुणासाठी थांबत नाही. मला ग्राहकाकडून पैसे येणार तीन महिन्यांनी. मधला काळ कुणीतरी निभावून न्यायचा. खेळतं भांडवल म्हणतात ते हेच, आणि बँकेकडे आम्ही जातो ते यासाठीच.

माझी कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी खात्यातून उचलता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा ३५ लाख आहे. नव्या ऑर्डरसह वर्षाची उलाढाल ४ कोटींच्या घरात जाणार होती. मी मर्यादा ७० लाख करून मागितली आणि एका व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंगच्या) मशीनसाठी मुदत कर्ज मागितलं. तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं, ग्राहकाचं ऑर्डरचं पत्र, सीएने करून दिलेला सीएमए डेटा (बँकेला लागणारे आर्थिक अंदाजांचे तक्ते), मशीनचं कोटेशन, सगळं दिलं. आजवर एकही हप्ता थकलेला नाही. बँक कोणती, शाखा कोणती, हे मी लिहिणार नाही, कारण दुसऱ्या बँकांत गेलेल्या माझ्या शेजाऱ्यांचा अनुभव वेगळा नाही.

त्या कागदांवर फारसं बोलणं झालं नाही. बोलणं झालं ते घरावर. घर कुणाच्या नावावर आहे? कारखान्याचा प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याचा आणि आधीच्या मर्यादेसाठी गहाण पडलेला. घर गावठाणातलं, आईच्या आणि आम्हा तीन भावांच्या नावावर. माझ्या धंद्यासाठी भावांनी त्यांचं छप्पर गहाण टाकावं असं मी त्यांना सांगू शकत नाही, आणि सांगणारही नाही. शेवटी तोंडी निरोप आला, ‘वरून होणार नाही.’ मी म्हटलं, तसं लिहून द्या. उत्तर मिळालं, ‘लेखी नकार घेऊन काय करणार साहेब? उगाच रेकॉर्डला येईल. त्यापेक्षा अर्ज मागे घ्या, पुढच्या वर्षी बघू.’ अर्जाची पोच मला मिळालीच नव्हती. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर मी कर्ज मागितलंच नाही आणि बँकेने ते नाकारलंही नाही.

माझी मुख्य तक्रार हीच आहे आणि ती तुमच्या समितीकडेच करायला हवी. दर तिमाहीच्या बैठकीत तुम्ही वार्षिक पत आराखड्याचा आढावा घेता. कोणत्या जिल्ह्यात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना किती कर्ज गेलं, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झालं, हे तक्त्यांत मांडलं जातं. त्या तक्त्यांत दिलेलं कर्ज दिसतं. मागितलेलं आणि न मिळालेलं कर्ज दिसत नाही. केबिनमधून परत पाठवलेल्या माणसासाठी त्यात रकानाच नाही, मग समितीला कळणार तरी कसं, की टंचाई किती आहे? रिझर्व्ह बँकेने यू. के. सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये देशभरातली ही तूट २० ते २५ लाख कोटी रुपयांची असल्याचा अंदाज दिला होता. एवढी मोठी तूट अंदाजाने सांगावी लागते, कारण नकार मोजलेच जात नाहीत.

नियम नाहीत असं नाही. अर्जाची पोच देणं बँकांना बंधनकारक आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा आहे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी कळवायचं आहे. या तीन गोष्टींनी बँकेचा एक रुपयाही धोक्यात येत नाही. त्यासाठी तारण लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही. तरीही त्या होत नाहीत, आणि मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं. कर्ज न देण्याचा अधिकार बँकेला आहे, तो मी मान्य करतो. कारण न सांगण्याचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही.

मी असंही म्हणालो होतो की व्याज थोडं जास्त लावा, मी भरतो. त्याचाही उपयोग झाला नाही. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. २०१९ पासून आमच्या तरत्या दराच्या नव्या कर्जांचं व्याज अशा बाहेरच्या दराशी जोडलेलं आहे, त्यामुळे ज्याच्याकडे कर्ज आहे त्याला दिलासा मिळाला, मलाही माझ्या ३५ लाखांवर मिळाला. पण ज्याला कर्जच मिळालं नाही त्याच्यासाठी रेपो दर ही फक्त पेपरातली बातमी असते. तो एनबीएफसीकडे, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीकडे, जातो आणि अठरा-वीस टक्क्यांनी पैसे उचलतो, भिशी लवकर उचलतो, घरातलं सोनं ठेवतो. मी मशीन एनबीएफसीकडून घेतलं. खेळत्या भांडवलाची सोय झाली नाही, म्हणून पूर्ण पार्टची ऑर्डर निम्म्यावर आणून घेतली. उरलेली निम्मी दुसऱ्या राज्यात गेली.

खेळत्या भांडवलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मशीनसाठी निदान कुणीतरी कर्ज देतं, ते मशीन चालवायला लागणाऱ्या पैशांसाठी कुणी देत नाही. १९९२ च्या नायक समितीपासून एक साधा हिशेब चालत आला आहे. लघुउद्योगाच्या अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के रक्कम खेळतं भांडवल म्हणून लागते असं धरायचं, त्यातले ५ टक्के उद्योजकाने घालायचे आणि उलाढालीच्या किमान २० टक्के बँकेने द्यायचे. ५ कोटींपर्यंतच्या मर्यादांना हा हिशेब लागू आहे. ४ कोटींच्या २० टक्के म्हणजे ८० लाख. मी ७० मागितले होते. माझ्या उलाढालीचा अंदाज खोटा वाटत असेल तर तसं सांगा, ग्राहकाला फोन करा, जीएसटीचे आकडे तपासा. तसं काहीच झालं नाही. मर्यादा तारणाच्या किमतीवर ठरते आणि उलाढालीचा हिशेब फाइलमध्ये नुसता लावलेला असतो.

याचा परिणाम काय होतो ते बघायचं असेल तर आमच्या शेजारी इचलकरंजीला या. तिथे कित्येक यंत्रमागधारक ‘खर्चीवाले’ आहेत. माग त्यांचे, शेड त्यांची, वीजबिल त्यांच्या नावावर. सूत मात्र व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचं. यांना मिळते ती विणण्याची मजुरी. सूत विकत घेण्याएवढे पैसे हातात नाहीत, म्हणून स्वतःच्या मागावर दुसऱ्याचं कापड विणायचं. बाजार चढला तर फायदा व्यापाऱ्याचा, बाजार पडला की आधी यांचे माग बंद. यातले बरेच जण पिढ्यान् पिढ्या विणकर आहेत, कापडाची पारख त्यांना व्यापाऱ्यापेक्षा जास्त आहे. कमी आहे ते तीन महिन्यांचं भांडवल. मशीन शॉपमधलं जॉबवर्क ही तीच गोष्ट आहे. पत न मिळालेला कारखानदार बंद पडतोच असं नाही, तो मजूर होऊन जगतो आणि सरकारी नोंदीत उद्योजकच राहतो. तुमच्या थकबाकीच्या आकड्यांत तो कधी दिसणार नाही.

आता तारणाविषयी. सूक्ष्म व लघु उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घ्यायचं नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच दिला होता. तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने त्याआधीच, २००० साली, पत हमी न्यास उभा केला, ज्याला आपण सगळे सीजीटीएमएसई म्हणतो. त्याची मर्यादा २०२३ मध्ये २ कोटींवरून ५ कोटी झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी. हमीचं शुल्क बहुतेक ठिकाणी आमच्याच खात्यातून जातं आणि ते भरायला आम्ही तयार आहोत. हमी म्हणजे कर्जमाफी नव्हे हेही आम्हाला ठाऊक आहे, कर्ज थकलं तर न्यास बँकेला पैसे देतो आणि आमच्या मागचं देणं तसंच राहतं. असं असताना १० कोटींपर्यंतची हमी उपलब्ध असलेल्या देशात माझ्यासारख्याच्या ७० लाखांसाठी घराचा उतारा का मागितला जातो, याचं समाधानकारक उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

तारण नसलेल्यांत मी तरी सुखी. माझ्याकडे बरीच वर्षं सेटर (कामासाठी मशीन जुळवून देणारा) म्हणून काम केलेला एक मुलगा आहे. आयटीआय झालेला, हात इतका नेमका की बोअरचं मोजमाप चुकलंय हे मशीनच्या आवाजावरून सांगतो. त्याला सेकंडहँड सीएनसी मशीन घेऊन स्वतःचं काम सुरू करायचं होतं. पहिली ऑर्डर मीच देणार होतो. भाड्याचं घर, भाड्याचा गाळा, नावावर काही नाही. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण आहे, पण शाखेत त्याला त्यातली लहानशी रक्कम सुचवली गेली, जिच्यात मशीनचा बयाणाही भागला नसता. तो आज चाकणला नोकरी करतो. कर्ज जमीन पाहून द्यायचं असेल, तर ज्यांना पिढीजात जमीन मिळाली तेच पुढचे कारखानदार होणार. चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं ते ही रीत मोडण्यासाठीच, असं आम्ही शाळेत शिकलो.

शाखा व्यवस्थापकांना मी दोष देत नाही. त्यांची अडचण मी जवळून पाहिली आहे. लघुउद्योगाची फाइल आता शाखेत मंजूर होत नाही, ती दुसऱ्या शहरातल्या केंद्रात जाते, जिथल्या अधिकाऱ्याने शिरोलीतली एकही शेड आतून पाहिलेली नसते. शाखेत कुणी आमचा धंदा समजून घेतला की दोन-तीन वर्षांत त्यांची बदली होते आणि नव्या साहेबांना कास्टिंग आणि फोर्जिंग यातल्या फरकापासून सांगायला सुरुवात करावी लागते. त्यात चौकशीची भीती. चांगला अधिकारीही म्हणतो, कर्ज दिलं आणि बुडलं तर माझी चौकशी, नाकारलं तर मला कुणी काही विचारत नाही. हमीचा दावा कागदातल्या त्रुटीवरून अडकतो अशीही धास्ती असते. २०२१ मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने ५० कोटींपर्यंतच्या थकीत खात्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या उत्तरदायित्वाची चौकट आखली, ती प्रामाणिक निर्णय घेणाऱ्याला संरक्षण मिळावं म्हणूनच. तो धीर शाखेपर्यंत पोहोचवण्याचं काम तुम्हा वरिष्ठांचं आहे.

खातं अडचणीत आल्यावरचा अनुभवही सांगितला पाहिजे. आमच्याकडे ग्राहकाचे पैसे उशिरा येतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ते ४५ दिवसांत यायला हवेत, आयकर कायद्यातल्या नव्या कलमाने (वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही) मोठ्यांना थोडा धाक बसला, ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणीची सक्ती झाली. पण माझे थेट ग्राहक त्या मोठ्या कंपन्यांचे पुरवठादार आहेत, तेही मधल्या फळीतलेच, त्यांना ती सक्ती लागू नाही. म्हणून कधी खातं महिनाभर ताणलं जातं. अशा वेळी काय करायचं, यासाठी केंद्राने २०१५ मध्ये पुनरुज्जीवनाची चौकट आणली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जदाराचं खातं थकण्याची लक्षणं दिसू लागली की ९० दिवस पुरे होऊन ते अनुत्पादित ठरण्याआधीच बँकेच्या समितीपुढे न्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं, आणि उद्योजकानेही वेळेवर कागदपत्रांसह मागणी केली पाहिजे असंही बजावलं. आमच्या वसाहतीत मी अनेकांना विचारलं. या समितीचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नव्हतं. वसुलीची नोटीस मात्र सगळ्यांना माहीत आहे.

मंजुरीच्या वेळी विमा पॉलिसी गळ्यात मारण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो थांबवा, एवढंच लिहितो.

तुमची बाजूही मी विचारात घेतो. बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे, त्यात माझ्या आईचीही मुदत ठेव आहे. आमच्यातले काही जण ताळेबंद फुगवतात, खेळत्या भांडवलाचा पैसा प्लॉटमध्ये घालतात, स्टॉक स्टेटमेंटमध्ये नसलेला माल दाखवतात. त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांकडे संशयाने पाहिलं जातं. त्यावर इलाज म्हणजे तपासणी. शेडवर या, माल मोजा, डिस्पॅचची चलनं बघा, जीएसटी आणि बँक खात्याचे व्यवहार जुळवा. आज हे पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे. सार्वजनिक बँकांनी डिजिटल व्यवहारांच्या आधारे पत ठरवण्याची स्वतःची पद्धत आणावी असं २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं आणि २०२५ मध्ये ती सुरूही झाली. तिचा वापर लहान रकमांपलीकडे न्या. ज्याचा व्यवहार तपासणीत टिकणार नाही त्याला जरूर नाकारा.

आमच्या मागण्या अशा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी नोंदीची आहे. शाखेत आलेल्या प्रत्येक उद्योजकाच्या अर्जाला, तो तोंडी विचारणा करून अर्ज घ्यायला आला असेल तरी, त्याच दिवशी क्रमांक आणि पोच मिळावी. नकार असेल तर लेखी आणि कारणासह मिळावा, आणि अर्ज मागे घ्यायला सांगण्याची पद्धत परिपत्रक काढून बंद करावी. जिल्हावार किती अर्ज आले, किती मंजूर झाले, मागितलेल्या रकमेपेक्षा किती कमी मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने फेटाळले, ही आकडेवारी समितीने दर तिमाहीला जाहीर करावी. कर्जवाटपाच्या तक्त्याशेजारी नकाराचा तक्ता असावा.

दुसरी, सीजीटीएमएसईच्या कक्षेत बसणाऱ्या अर्जात शाखेने तारण मागितलं, तर हमी का घेतली नाही याचं कारण फाइलवर लिहावं आणि त्याची प्रत अर्जदाराला द्यावी.

तिसरी, खेळत्या भांडवलाची मर्यादा २० टक्क्यांच्या हिशेबापेक्षा कमी ठेवली, तर तो फरक कसा काढला हे मंजुरीपत्रात दाखवावं.

चौथी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी, कुपवाड अशा औद्योगिक केंद्रांच्या ठिकाणी धंदा समजणारा कर्ज अधिकारी किमान पाच वर्षं राहील अशी नेमणूक करावी आणि काही रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार त्याच्याकडे द्यावा. प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला तर त्याच्यामागे बँक उभी राहील, हे त्याला लेखी कळवावं.

पाचवी, २०१५ च्या चौकटीची माहिती मराठीत छापून प्रत्येक उद्योग खातेदाराला द्यावी, आणि खात्यावर ताणाची पहिली खूण दिसताच बँकेच्या त्या समितीकडे अर्ज कसा करायचा हे बँकेनेच कळवावं.

या पत्राची प्रत मी जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र आणि आमच्या वसाहतीतल्या उद्योजक संघटनेला देत आहे. समितीच्या पुढच्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिली मागणी घ्यावी. ती मान्य असेल किंवा नसेल, आम्हाला उत्तर लेखी मिळावं.

आपला,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक